बाराव्या गाण्यात माहं नाव

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार

रंजी म्हणाली, "हा शेवटचा अल्बम." एवढं बोलून तिनं चहात टोस बुडवला अन् खात बसली. जसं काही दुकानात आज साखर नव्हती, असं सांगून राह्यली.

मी म्हटलं, "शेवटचा म्हणजे?"

"शेवटचा म्हणजे शेवटचा. तुले मराठी समजत नाही का बे?"

किशननं मान वर केली नाही. लॅपटॉपात तोंड घातलं होतं, ते तसंच राहू देलं. हाच किशन, एक ठोका इकडचा तिकडे झाला तर अर्धा घंटा भांडते. अन् सख्खी बहीण म्हणते शेवटचा, तर ह्याले काहीच नाही? म्हणजे ह्याले आधीच माहीत होतं. दोघायचं घरी ठरलं, मले फक्त कळवलं.

म्हणून ही वही काढली. सात वर्षं जे मनात आलं ते गाण्यात लिहिलं. पण गाणं त्या दोघायच्या हातातून जाते, अन् हे त्यायले दाखवण्यासारखं नाही.

आमी तिघं म्हणजे 'तीन दगड'. ऊसतोडीच्या फडात माणसं तीन दगड मांडून चूल करतात, त्यावरून नाव ठेवलं. मी संघदीप, मानोऱ्यात विहाराजवळ राहतो, दिवसा सेतू केंद्रात लोकायचे दाखले काढतो. ओळी माह्या. रंजीता अन् किशन बहीण-भाऊ, चार किलोमीटरवरच्या तांड्यातले. रंजी दवाखान्यात नर्स आहे, गाते, अन् रॅप तर माह्यापेक्षा जोरात करते. संगीत किशनचं. कृषी केंद्रामागची खोली हा आमचा स्टुडिओ. भिंतीले सोयाबीनचे बारदाने ठोकले, त्याच्यावर त्यायच्या मायच्या, भुरीबाईच्या, जुन्या गोधड्या. फवारणीच्या औषधाचा वास येते, पण आवाज घुमत नाही. मायबाप ऊस तोडाले गेले की लेकरायचे नाव शाळेतून कमी होतात, त्याच्यावरचं गाणं आमी इथंच केलं. जिल्हाभर वाजलं ते.

आज रेकॉर्डिंगच्या आधी रंजीनं बांगड्या काढून माह्याजवळ देल्या. माइकात आवाज येते म्हणून नेहमीच देते. दोन हिरव्या, काचेच्या. खिशातच राहून गेल्या. घरी शर्ट काढला तेव्हा समजलं. उद्या देईन.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कुठंतरी पाणी मुरून राह्यलं, हे पक्कं.

मी खोलीत पाय टाकला की दोघं गोरमाटीतून, त्यायच्या बंजारा बोलीतून, मराठीवर येतात. आधी तेच मले सौजन्य वाटे. आता वाटते, काहून? सात वर्षांत मी त्यायची भाषा शिकलो नाही, ही चूक माहीच. शिव्या तेवढ्या येतात.

आज किशन फोन घेऊन बाहेर गेला. मी पाण्याची बाटली भराच्या निमित्तानं मागं गेलो. "हो हो, तारीख पक्की," म्हणत होता. मले पाहून म्हणे, "खतवाल्याचा फोन होता." खतवाल्यासंगं तारीख? माह्या डोक्यात लगेच पुण्याची ती गाण्यांची कंपनी आली, जी मागच्या वर्षी म्हणत होती की पोरीचा आवाज भारी आहे, बाकीचं पाहू. बाकीचं म्हणजे मी.

घरी बाबांले सांगतलं. बाबांची, देवमन मास्तरची, भीमगीतांची गायन पार्टी होती. कोरसवाला गाण्यांची वही घेऊन पळाला अन् त्यानं दुसरी पार्टी उभी केली. एकोणीस वर्षं झाले, बाबा त्याच्या गल्लीतून जात नाहीत. ते म्हणाले, "पार्टी फुटाच्या आंधी भांडन नाही होत, पोट्ट्या. आंधी सारे लय गोड बोलतात."

आज रंजीनं माह्यासाठी घरून भाजी आणली होती.

५ मार्च, बुधवार

रंजीचा आवाज बसला आहे. अन् स्टुडिओत तर ती आठवड्यात एकदाच गायली. मंग घसा कुठं फाडून राह्यली?

दुपारी दाखल्यांचं काम लवकर आटोपलं अन् सरळ तांड्यात गेलो. नानीबाईच्या घरातून आवाज येत होता. नानीबाई तांड्यातली सगळ्यात म्हातारी बाई, अजून जुना काचांचा पोशाख घालते. ती एक ओळ म्हणे, रंजी तीच ओळ मागून म्हणे. मी दारात उभा राह्यलो तशा दोघी गप्प.

"काय शिकून राह्यली?"

"काही नाही. जुनं गानं."

"कोनाच्या अल्बमसाठी?"

रंजीनं मले असं पाह्यलं जसं मीच तिचं काही चोरलं. "तुले फक्त अल्बमच दिसते का रे?"

प्रश्नाले प्रश्न. म्हणजे उत्तर नाही. नानीबाई माह्याकडे बोट दाखवून गोरमाटीत काहीतरी बोलली अन् पदरात हसली. परत येताना गाडी दोनदा बंद पडली, तिलेही आजच मुहूर्त सापडला.

१५ मार्च, शनिवार

काल होळीच्या गाण्यांसाठी तांड्यात होतो. किशनले लेंगीचा, म्हणजे त्यायच्या होळीच्या गाण्याचा, ठेका अल्बमात घ्यायचा होता. पोरं रिंगण करून नाचत होती, आमी मोबाइलवर आवाज धरला.

मंग भुरीबाईनं जेवाले बसवलं. मी तिले याडीच म्हणतो, म्हणजे आई. भाकरीवर तूप टाकतच गेली, थांबेचना. टाकता टाकता डोळ्याले पदर लावला. म्हणाली धूर आहे. चूल तर विझली होती.

मंग एकदम विचारते, "पोरा, तुह्या शर्टाचं माप काय?"

"काहून, याडी?"

"असंच."

असंच कोनी शर्टाचं माप विचारते का? मी लगेच समजलो. त्या कंपनीनं व्हिडिओसाठी कपडे मागतले असतील. म्हणजे मलेही रंगीत शर्ट घालून मागं नाचवाचा बेत आहे, पुढं रंजी. माहं माप चाळीस. मी चव्वेचाळीस सांगतलं. घ्या शिवून.

बांगड्या अजून माह्याजवळच आहेत. तिनं मागतल्या नाहीत.

२८ मार्च, शुक्रवार

झोपाच्या आधी हे लिहूनच टाकतो.

किशन चहा सांगाले गेला होता. लॅपटॉप उघडा. अल्बमच्या फाइली पाहत होतो, अकरा गाण्यांच्या खाली बारावी फाइल दिसली. नाव: 'रंजी – हात लावू नको'. मी हात लावला.

ठेका नाही, काही नाही. नुसता रंजीचा आवाज, मागं नानीबाईचा. सुरुवातीले गाणं, मंग गाता गाता रडणं, रडता रडता गाणं. सगळं गोरमाटीत. 'याडी' समजलं. किशनचं नाव समजलं. अन् मंग माहं नाव आलं. संघदीप. स्पष्ट. एकदा नाही, तीनदा.

आमच्या धंद्यात गाण्यात कोणाचं नाव घेतलं म्हणजे त्याची इज्जत काढली, त्यालेच डिस म्हणतात, हे शेंबडं पोरही सांगन. मी सोता तीन जणांची काढली आहे. पण मी तोंडावर काढली, त्यायले समजन अशा भाषेत काढली. ही माह्या मागं, मले न समजणाऱ्या भाषेत, वरतून रडून! रडली म्हणजे ऐकणारा तिच्याच बाजूनं जाते. वा रे वा.

माह्या नावाचा तुकडा मोबाइलवर धरला. वीस सेकंद. पावलं वाजली तसा बंद केला.

किशन चहा घेऊन आला. म्हणे, "काहून रे, घाम आला तुले?"

"पंखा लाव ना मंग," मी म्हटलं.

२९ मार्च, शनिवार

अर्थ विचारू तर कोणाले विचारू? गोरमाटी येणारे सगळे त्यायचेच. कोनालेही विचारलं की संध्याकाळपर्यंत किशनच्या कानात.

शेवटी अनुपकडे गेलो. त्याचं मोबाइलचं दुकान आहे अन् रॅप तो लय ऐकते. एका गिऱ्हाइकाच्या फोनले काच चिकटवता चिकटवता त्यानं वीस सेकंद ऐकले. म्हणाला, "भाऊ, बम मोठा डिस आहे."

"तुले भाषा समजते का?"

"भाषा कायले पाह्यजे? आवाजातूनच दुश्मनी समजून राह्यली ना."

त्यानं काच वाकडी चिकटवली, गिऱ्हाइक ओरडलं. पण बोलला ते मले पटलं.

६ एप्रिल, रविवार

आज रामनवमी. पोहरादेवीची यात्रा, रस्ता माणसायनं गच्च. सगळा तांडा तिकडं. जाताना किशननं स्टुडिओची चाबी देली. म्हणे, "चौदा तारखेले अल्बम टाकाचा हाये, अकरा गाने चढवून ठेव. बारावं ऐकू नको हं. ते रंजी सोता तुले ऐकवनार हाये."

सोता ऐकवणार! म्हणजे तोंडावर फेकणार अन् माहा चेहरा पाहणार. मी काय तिचा तमाशा आहे?

भर दुपारी, बारदान्यांच्या खोलीत, एकट्यानं माइक लावला. लिहून तर आठ दिवसांपासून तयार होतं:

दोन दगड उचलून कोन कोनाच्या दारी गेला?
माही भाकर कच्ची, अन् जाळ चोरून नेला.
रंजी, घेतो तुहं नाव, तू पयले घेतलं माहं,
सात वर्षं ताट एक, आता ताट कुठलं तुहं?

अशा सोळा ओळी. गाण्याचं नाव 'उत्तर'. एका दमात झालं. बाराव्या नंबरवर माहं टाकलं. तिची फाइल पुसली. जिथं पुसलेल्या फाइली जातात तिथूनही पुसली.

मंग गोधडीले टेकून बसलो. माहं गाणं पुन्हा लावलं, पण अर्ध्यातच बंद केलं. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, त्याचंच असन.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. मिरवणुकीत आमचाच अल्बम वाजला. निळा गुलाल कानात गेला. पोरायनं मले खांद्यावर घेतलं. सगळ्यात जास्त कोणतं गाजलं? बारावं! "भाऊ, फाडून टाकलं," अनुप म्हणाला.

रंजी आली नाही. दर वर्षी येते, विहारात पाणी वाटाले उभी राहते. तिचा फोन बंद. किशनचा चालू, पण उचलत नाही.

जिंकलो, तर मंग बरं काहून वाटून नाही राह्यलं?

१६ एप्रिल, बुधवार

किशन आला. मारीन असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो ओट्यावर बसला अन् म्हणाला, "बारावी फाइल कुठं हाये?"

"पुसली."

"एकच होती ती." त्यानं चप्पल काढली अन् पुन्हा पायात घातली. "काहीच नाही राह्यलं?"

मी मोबाइल काढला. वीस सेकंद वाजवले. माह्या नावाशी आला अन् किशन रडाले लागला. सात वर्षांत पह्यल्यांदा पाह्यला.

"ढावलो हाये ते, येड्या. रंजीचं लग्न हाये अकरा मेले."

नवरी सासरी जाताना एकेकाच्या गळ्यात पडून जे गाते, ते ढावलो. माय, बाप, भाऊ, तांडा. ज्याले सोडून जाणं जड जाते, त्याचं नाव घेऊन गाते. आता पोरी गात नाहीत, डीजे वाजते. रंजीनं ठरवलं की आपण गायचं, नानीबाईकडून शिकून. अन् आपल्या शेवटच्या अल्बमचं शेवटचं गाणं तेच ठेवायचं.

मी म्हटलं, "मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तर तू आंधी भाषन देलं असतं. मंग त्याच्यावर गानं केलं असतं. रंजी म्हने, त्याले गान्यातूनच सांगते, गानं चालू असलं की मधात बोलता येत नाही त्याले."

मंग त्यानं वीस सेकंदांचा अर्थ सांगतला. 'संघदीप, तीनातला एक दगड मी उचलून नेऊन राह्यली, संघदीप, तुही चूल कलंडन. माह्यावर रागावू नको, संघदीप.'

शर्टाचं माप, तूप, तारीख, सगळं एकदम समोर आलं.

अन् पुढचं तर अजून वाईट. नवरा मुलगा हेमसिंग, दिग्रसकडचा शाळामास्तर, रंजीनं सोता पसंत केला. त्याच्या काकानं मिरवणुकीचा व्हिडिओ पाह्यला. तो विचारून राह्यला, आमच्या सुनेचं नाव घेऊन ताटाचा हिशोब मागणारा हा कोण? हेमसिंग काही बोलत नाही, पण काका म्हणते, रविवारी बैठक, नाहीतर लग्न मोडलं.

'उत्तर' लगेच काढून टाकलं. पण लोकायच्या मोबाइलमधून कसं काढू?

२० एप्रिल, रविवार

बैठक हेमसिंगच्या तांड्यात, तिथल्या नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या मुखियाच्या, ओट्यावर झाली. माह्यासंगं बाबा आले. इकडून किशन, याडी, नानीबाई, अन् रंजी. ती मागं बसली, माह्याकडे पाह्यलं नाही.

काकानं सरळ विचारलं, "तुहा हिच्यासंगं संबंध काय?"

माफीची चौदा कडवी लिहून नेली होती, यमकात. तोंड उघडलं तर वाटलं, आता यमक जुळवलं तर हे लोक मले जोड्यानं मारतील, अन् बरोबरच करतील. मंग पिशवीतून ही वही काढली. म्हटलं, "काका, मी खोटं बोलन, वही नाही बोलनार. जसं झालं तसं लिहिलं आहे." अन् पह्यल्या पानापासून वाचाले लागलो.

खतवाल्याच्या फोनले कोणी हसलं नाही. शर्टाच्या मापाले याडीनं तोंडावर पदर घेतला. चव्वेचाळीस म्हटल्यावर नायक हसला. अनुपनं काच वाकडी चिकटवली तेव्हा मागची पोरं फिदीफिदी. काका शेवटपर्यंत दात आवळून होता, पण 'गिऱ्हाइक ओरडलं' तिथं त्याचाही बांध फुटला. म्हणे, "हा वैरी नाही, हा तर निव्वळ येडा हाये!"

"येडा हाये, पन आमचा हाये," किशन म्हणाला.

हेमसिंग उठला अन् त्यानं मले पाणी देलं. लग्न मोडता मोडता वाचलं.

सगळं वाचलं मी. फक्त बांगड्यांच्या ओळी आल्या तिथं पान पलटलं. कोणाले समजलं नाही. नानीबाई समोरच बसली होती. तिले मराठी वाचता येत नाही, पण मी जिथं थांबलो तिथं ती हसायची थांबली.

जाताना रंजी गाडीजवळ आली. मी म्हटलं, "मी ते पुन्हा रेकॉर्ड—"

"पाह्य, पुन्हा बोलाले लागला. तू ऐकत नाहीस संघदीप, तू उत्तर देतोस. सात वर्षं झाले, मी एक बोलली की तुही दुसरी ओळ तयार." तिचा आवाज अजून बसलेलाच होता. "माइकवर ते पुन्हा नाही होत. लग्नात गाईन. तिथं तरी ऐक."

१२ मे, सोमवार

काल रंजीचं लग्न झालं.

याडीनं किशनले अन् मले सारखेच शर्ट शिवले, आकाशी. किशनले बरोबर बसला. माह्या शर्टात अजून एक संघदीप मावला असता. वऱ्हाडात जो तो म्हणे, "चव्वेचाळीस का?" वहीची कीर्ती माह्याआधी पोचली होती.

सकाळीच हिरव्या बांगड्या याडीच्या हाती देल्या. म्हटलं, रंजीच्या राहून गेल्या होत्या. तिनं त्या पाह्यल्या, मले पाह्यलं, अन् माह्याच खिशात परत टाकल्या.

निघाच्या वेळी डीजे बंद केला. पोरं आधी कुरकुर करत होती, मंग गप्प झाली. रंजी याडीच्या गळ्यात पडून गाऊ लागली, मंग बापाच्या, मंग किशनच्या. नानीबाई मागून ओळ धरत होती. तांड्यातल्या लहान पोरी डोळे मोठे करून पाहत होत्या, त्यायनं हे कधी ऐकलंच नव्हतं. शंभर मोबाइल वर होते. माहा खिशात ठेवला.

मंग ती माह्याजवळ आली. त्या ढगळ शर्टावर डोकं ठेवलं अन् माहं नाव घेतलं. तीन हप्ते किशनकडून भाषा शिकलो, सगळं नाही पण दगड समजला, चूल समजली, रागावू नको समजलं. तीनदा घेतलं नाव. मंग श्वास घ्यायले थांबली.

त्या थांबण्यात मले ओळ सुचली. सात वर्षांची सवय, सुचणारच. पूर्ण ओळ, यमकासकट, आतापर्यंतची सगळ्यात चांगली. जिभेवर येऊन बसली. रंजीले माहीत होतं ती येणार, कारण तिनं मान वर करून पाह्यलं.

मी बोललो नाही. तिनं पुढचं कडवं उचललं, अन् मी शेवटपर्यंत ऐकलं.

ती ओळ अजून पाठ आहे. इथंही लिहीत नाही.